ठरावाला अनुमोदक म्हणून माझे नाव?

वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले हे पत्र थोडे कमी करून आणि नाव-गाव गाळून येथे देत आहे.

"माझे वय एकेचाळीस आहे. पती सहा वर्षांपूर्वी वारले. चार एकर कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर घेते. मुलगी नववीत आहे. मुलगा बारावीला आहे आणि पुढच्या वर्षी अग्निवीर भरतीत उतरणार आहे. पहाटे चारला मीच त्याला उठवते. माझे भासरे, म्हणजे पतीचे थोरले भाऊ, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पती गेल्यानंतर त्यांनी आम्हाला आधार दिला, तो मी विसरू शकत नाही. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत भासरे ठराव मांडणार आहेत की, अठरा वर्षांवरील प्रत्येक तरुणाला दोन वर्षांची लष्करी सेवा पुन्हा सक्तीची करावी, अशी मागणी शासनाकडे करण्यात यावी. सूचक ते स्वतः आहेत आणि अनुमोदक म्हणून त्यांनी मला न विचारता माझे नाव लिहिले आहे. 'फौजीच्या घरची सून, त्यात सदस्य, त्यात भरतीच्या पोराची माय. याच्याहून चांगलं नाव कोणतं?' असे ते म्हणाले. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. मी जाऊबाईंजवळ एवढेच बोलले की, कोणाच्या लेकराला जबरदस्तीने धाडणे बरे नाही. तेव्हापासून भासरे माझ्याशी बोलत नाहीत. पारावर 'देशापरस लेकरू मोठं झालं काय इले?' असे बोलले जाते. गावातील एक शिकलेले आजोबा सांगतात की, त्यांच्या वेळी ही सक्ती होतीच. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरतो आहे की, जर्मनी आणि क्रोएशियाने सक्ती परत आणली, मग आपणच का मागे? स्वतःच्या मुलाला भरतीसाठी उठवायचे आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या सक्तीला नाही म्हणायचे, हे माझे ढोंग आहे काय? सही करू की नको?"

ताई, सही करू नका. मात्र नुसते 'नाही' म्हणून घरात बसून राहू नका, कारण मग पारावरची माणसे तुमच्या नकाराला स्वतःच्या मनाचा अर्थ लावतील. नकार कसा द्यायचा आणि कोणाजवळ आधी बोलायचे, याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

तुमच्या ढोंगाच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्याच प्रश्नाने उडवलेली दिसते. तुम्ही मुलाला पहाटे चारला उठवता, म्हणजे त्याने आदल्या रात्री तुम्हाला 'उठव' असे सांगितलेले असते. उद्या तो म्हणाला की, आई, माझे मन बदलले, मी आयटीआयला जातो किंवा शेती करतो, तर तुम्ही त्याचे पांघरूण ओढून त्याला रस्त्यावर ढकलाल काय? तुमच्या पत्रावरून तरी मला तसे वाटत नाही. त्याचे जाणे हे त्याचे आहे, म्हणूनच त्याला उठवताना तुम्हाला अभिमान वाटतो. भासऱ्यांच्या ठरावात जाण्याला जागा आहे, न जाण्याला नाही. या दोन गोष्टींतला फरक तुमच्या जिल्ह्यातील म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावा लागू नये. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन 1951 पासून आता पाऊणशे वर्षे होत आली, तरी मालगुजाराच्या वावरात वेठीला जावे लागे, या गोष्टी आजी-आजोबांकडून ऐकलेली माणसे अजून आहेत. तेच निंदण, तोच विळा; पण स्वतःच्या वावरात किंवा रामधुनीच्या दिवशी गावाच्या रस्त्यावर झाडू घेऊन उतरणाऱ्या माणसाची पाठ आणि वेठीला गेलेल्या माणसाची पाठ वेगळी दिसते. तुम्हाला जे सांगता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, ते बहुधा हेच आहे, आणि त्यात ढोंग कुठे नाही.

आता त्या 'पुन्हा' या शब्दाकडे येऊ, कारण ठरावातील सगळ्यात कच्चा शब्द तोच आहे. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करी सेवा कधीही नव्हती. आपले सैन्य पहिल्यापासून स्वेच्छेने आलेल्यांचे आहे आणि 1962, 1965, 1971 व 1999 ची युद्धे त्यांनीच लढली. आजोबा खोटे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांची आठवण खरी आहे, फक्त ती दुसऱ्या गोष्टीची आहे. चीनच्या आक्रमणानंतर 1963 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, सक्तीची करण्यात आली होती. आजोबांनी त्या वेळी खाकी हाफपँट घालून मैदानावर कवायत केली असेल. ती सक्ती 1968 मध्ये उठवण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, जिच्या शिबिरांत तुमच्या भागातील कितीतरी मुलामुलींनी बांध घातले आहेत आणि नाल्या उपसल्या आहेत. युद्धाच्या ऐन धक्क्यात आणलेली कवायतीची सक्तीही या देशाने पाच वर्षांत मागे घेतली, हे ग्रामसभेत आजोबांच्याच तोंडून वदवून घेता आले तर उत्तम. त्यांना विचारा की, सक्ती उठल्यावर त्यांच्या वर्गातील किती जण एनसीसीत राहिले आणि जे राहिले ते कसे होते.

एक गोष्ट मात्र तुम्ही सभेत म्हणू नका, ती म्हणजे 'हे घटनाबाह्य आहे'. ते खरे नाही. घटनेचे तेविसावे कलम वेठबिगारीला मनाई करते, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, असे म्हटले आहे. अट इतकीच की, केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. 1976 मध्ये घटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांतही, आवाहन करण्यात येईल तेव्हा देशाचे संरक्षण करणे आणि राष्ट्रीय सेवा बजावणे, हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. भासऱ्यांच्या बाजूने एखादा वाचलेला माणूस उभा राहिला तर तो हेच वाचून दाखवील, आणि तुम्हाला ते आधीच माहीत असलेले बरे. तुमचे म्हणणे वेगळे आहे. जी गोष्ट घटनेने अडचणीच्या काळासाठी राज्याच्या हातात ठेवली आणि एवढ्या युद्धांत एकाही सरकारने वापरली नाही, ती आज वापरावी लागावी असे काय घडले आहे, हा तुमचा प्रश्न आहे. आणि उत्तर देण्याची जबाबदारी ठराव मांडणाऱ्यावर आहे, विरोध करणाऱ्यावर नाही.

जर्मनी-क्रोएशियाचा संदेश अर्धा खरा आहे, आणि अर्धी खरी बातमीच गावात अधिक फिरते. जर्मनीने 2011 मध्ये सक्तीची सेवा स्थगित केली होती. रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तेथे तो विषय परत निघाला आणि डिसेंबर 2025 मध्ये नवा कायदा संमत झाला. त्या कायद्याप्रमाणे 2008 व त्यानंतर जन्मलेल्या मुलग्यांना माहितीचा अर्ज भरून द्यावा लागतो आणि त्यांची वैद्यकीय तपासणी होते, पण प्रत्यक्ष सेवा आजही स्वेच्छेची आहे. पुरेसे लोक आले नाहीत तर काय करायचे, हे तेथील संसदेला पुन्हा मतदान करून ठरवावे लागेल. ज्या दिवशी हा कायदा संमत झाला त्याच दिवशी अनेक शहरांत शाळेतील मुले वर्ग सोडून विरोधासाठी रस्त्यावर आली होती, हे संदेश पाठवणाऱ्याने लिहिले नसेल. क्रोएशियाने 2008 मध्ये बंद केलेली सक्ती 2025 मध्ये परत आणली, हे खरे. ती दोन महिन्यांची आहे, आणि ज्याच्या विवेकाला शस्त्र पटत नाही त्याला नागरी सेवेची वाट दिलेली आहे. भासरे दोन वर्षे मागत आहेत. शिवाय क्रोएशियाची सगळी लोकसंख्या मिळून चाळीस लाखही नाही, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील एकट्या नागपूर जिल्ह्यापेक्षा कमी. एवढ्याशा देशाच्या सैन्याला माणसे कमी पडतात, हे समजण्यासारखे आहे.

आपल्याकडे माणसे कमी पडतात काय? हे तुम्हाला कोणी आकडेवारीने सांगायची गरज नाही, तुमच्या गावाबाहेरचा रस्ता पहाटे पाहिला तरी पुरे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे म्हणून छातीवर हात ठेवून धापा टाकणारी पोरे, घड्याळ लावून उभा असलेला कोणाचा तरी भाऊ, आणि एका जागेसाठी मैदानावर लागणारी रांग. कोरोनाच्या काळात जवळपास दोन वर्षे भरती मेळावे झालेच नाहीत आणि कितीतरी मुलांचे वय निघून गेले. 2022 मध्ये एकदाच कमाल वय तेवीस केले, तरी सगळ्यांचे भागले नाही. जे स्वतःहून दाराशी उभे आहेत त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवायचे आणि जे येऊ इच्छित नाहीत त्यांना धरून आणायचे, हा व्यवहार मला कापसाच्या बाजारातही कोणी केलेला आठवत नाही.

हिशेबच करायचा तर असा करा. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात. ठरावात 'तरुण' एवढेच लिहिले आहे, मुली त्यात आहेत की नाहीत हे भासऱ्यांनी लिहिलेले नाही. तुमची नववीतली मुलगी चार वर्षांनी त्यात येते काय, हे त्यांना एकदा विचारा. डेन्मार्कने 1 जुलै 2025 पासून सक्तीच्या सेवेसाठी काढायच्या चिठ्ठीत मुलींनाही धरले आहे, तेव्हा हा प्रश्न हवेतला नाही. केवळ मुलगे धरले तरी दोन वर्षांच्या सेवेत एका वेळी दोन कोटी मुले बराकींत असतील. आपल्या तिन्ही दलांत मिळून आज सुमारे चौदा लाख माणसे आहेत. या दोन कोटींना राहायला जागा, दोन वेळचे जेवण, बूट, औषधपाणी आणि शिकवायला उस्ताद लागतील, आणि ते उस्ताद सीमेवरून काढून आणावे लागतील, कारण दुसरीकडे ते मिळत नाहीत. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यांतील सुमारे 1.60 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. निवृत्तिवेतन भासऱ्यांच्या हक्काचे आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्या सरकारने 2022 मध्ये अग्निपथ योजना आणून स्वतःहून आलेल्या मुलांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच चार वर्षांनंतर ठेवून घेऊ असे सांगितले, ते सरकार न आलेल्या कोट्यवधी मुलांचे काय करणार? तुमचा मुलगा याच योजनेतून जाणार आहे. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 मध्ये पूर्ण होतात आणि बहुतेक मुले अकरा-बारा लाखांचा सेवा निधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन, निवृत्तिवेतनाशिवाय, बाविसाव्या ते सत्ताविसाव्या वर्षाच्या दरम्यान गावात परततील. ग्रामसभेला लष्कराबद्दल ठराव करायचाच असेल तर या परत येणाऱ्या मुलांना काम काय देणार, हा प्रश्न आधी आहे.

सक्ती या शब्दामागे आणखी एक शब्द नेहमी उभा असतो, तो म्हणजे शिक्षा. जो मुलगा जाणार नाही त्याचे काय करायचे, हे ठरावात लिहिलेले नाही आणि लिहिल्याशिवाय तो ठराव पूर्ण होत नाही. दक्षिण कोरियात विवेकाला पटत नाही म्हणून सेवा नाकारणाऱ्या हजारो तरुणांना अनेक दशके तुरुंगात धाडले गेले; तेथील घटना न्यायालयाने 2018 मध्ये पर्याय द्यायला सांगितल्यावर 2020 पासून पर्यायी सेवा मिळाली, तीही तुरुंगांमध्येच छत्तीस महिने काम करण्याची, म्हणजे पायदळातील अठरा महिन्यांच्या दुप्पट. आपल्या मणिपूर-मिझोरामला लागून असलेल्या म्यानमारने फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीचा कायदा अमलात आणल्याबरोबर तरुणांनी देशाबाहेर जाण्यासाठी रांगा लावल्या. भासऱ्यांना असे काही नको आहे, हे मला ठाऊक आहे. पण कायदा झाल्यावर तो राबवायला भासरे येणार नाहीत. वॉरंट घेऊन ठाण्याचा शिपाई येईल, आणि तो कोणाच्या दारात आधी येईल हे तुम्हीही जाणता.

सक्तीचा भार सारखा पडतो, असे सांगितले जाते, आणि कागदावर तो सारखाच असतो. अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी, 1863 च्या कायद्यात, तीनशे डॉलर भरणाऱ्याला त्या खेपेच्या सक्तीतून सूट होती. शंभर वर्षांनी व्हिएतनामच्या युद्धात महाविद्यालयात शिकणाऱ्यांना पुढची तारीख मिळत असे, आणि महाविद्यालयात कोण जात होते हे सांगायला नको. अखेर 1973 मध्ये त्या देशाने सक्ती बंद केली. आपल्याकडे ज्याचे पोर परदेशात किंवा पुण्यात खासगी महाविद्यालयात शिकते त्याला सवलतीचा अर्ज कुठे करायचा ते कळेल. ज्याचे पोर दोन एकरांत डवरे धरते त्याला नोटीस आली की तीन दिवसांनी ती वाचून घ्यायला कोणाकडे तरी जावे लागेल. तुमच्यासारख्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा: बाप नाही, आई आणि एक मुलगा. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, निंदण, ऐन पोळ्याच्या सुमारास फवारणी, आणि सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा, झाली की शेवटच्या वेच्यापर्यंत चार महिने माणूस मिळत नाही, मिळाला तर किलोमागे त्याने मागितलेला भाव द्यावा लागतो. त्या घरातून अठराव्या वर्षी मुलगा दोन वर्षे नेला तर ते वावर ठेक्याने जाते, आणि एकदा ठेक्याने गेलेले वावर परत घरी आणणे किती कठीण असते, हे विधवा बाईला मी काय सांगू. तुमचा मुलगा गेला तर तुम्ही ते सोसाल, कारण तो तुमचा दोघांचा विचार आहे, तुम्ही त्याची तजवीज केली असेल. शेजारणीने ती केलेली नाही. तिच्यावतीने अनुमोदन देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे तिने उद्या विचारले तर तुमच्याजवळ उत्तर नसेल. हे कारण मला बाकी सगळ्या कारणांहून मोठे वाटते.

आता भासऱ्यांकडे वळते. ते वाईट हेतूने हे करत नाहीत. पारावर दिवसभर मोबाइल घेऊन बसलेली, खर्रा चघळणारी, आईबापांना उलट उत्तर देणारी पोरे त्यांना दिसतात आणि ज्या जागेने त्यांना स्वतःला माणूस केले त्या जागेची आठवण त्यांना होते. 'दोन वर्षं फौजेत धाडा, सारे सुधरतात' हे वाक्य मी कितीतरी निवृत्त माणसांकडून ऐकले आहे. त्यांचे दुखणे खरे आहे, औषध चुकीचे आहे. सक्तीने माणूस किती सुधारतो, हे अर्धशतकापासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातील माणसाने तरी दुसऱ्या कोणाला विचारू नये. आणि सैन्य म्हणजे वाया गेलेली पोरे सरळ करण्याचे सुधारगृह, असा अर्थ या ठरावातून निघतो, तो भासऱ्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. ब्रिटिशांनी 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या माणसांनी, आम्हाला सैन्यात येऊ द्या, म्हणून अर्ज केले होते. पुढे महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. ज्या दारातून आत जाण्यासाठी लोकांनी दोन पिढ्या झगडा केला, त्या दाराशी आपण आता टवाळ पोरांना कान धरून नेऊन उभे करायचे काय? गस्तीवर रात्री शेजारी कोण असावा असे वाटते, जो स्वतः आला तो की ज्याचे दिवस मोजणे चालू आहे तो? या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, तुम्हीही नाही. भासरे देऊ शकतात, म्हणून तो त्यांनाच विचारा.

तो कसा विचारायचा, ही तुमची खरी अडचण आहे, हे मी विसरलेले नाही. ज्या भासऱ्यांसमोर अजूनही तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करता, त्यांच्याशी भर सभेत पहिल्यांदा वाद घालणे तुम्हालाही नको आणि त्यांचा मान ठेवायचा असेल तर घालूही नये. ग्रामसभेच्या चार-पाच दिवस आधी, संध्याकाळी, जाऊबाई घरी असताना जा. मुलालाही सोबत न्या, पण त्याला बोलायला लावू नका. मोठ्या बाबांविरुद्ध त्याला उभे करणे हेही एक प्रकारे सक्तीचेच होईल. सुरुवात आभाराने करा, ते खरे आहेत म्हणून. मग सरळ सांगा की, माझे नाव मला विचारल्याशिवाय लिहिले गेले, ते काढावे, आणि मी ठरावाच्या बाजूने नाही. त्यानंतर त्यांना त्यांच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलू द्या. भरती झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात किती महिने गेले, शस्त्र भरवशाने हाती कधी दिले, जवान खऱ्या अर्थाने कामाचा कधी झाला, हे विचारा. जी माणसे सैन्यात आयुष्य घालवून आलेली असतात ती या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देतात, आणि ती देताना त्यांना दोन वर्षांचा हिशेब आपोआप लागतो. ते त्याच संध्याकाळी मान्य करतील, अशी अपेक्षा धरू नका. जाऊबाई ऐकत असतील, तेवढे त्या दिवसापुरते पुष्कळ झाले.

सभेच्या कामाबद्दल थोडे. ग्रामसभेच्या ठरावाने कायदा होत नाही. संरक्षण हा केंद्राचा विषय आहे आणि तुमचा ठराव ही फक्त मागणी असेल. म्हणून काही जण तुम्हाला म्हणतील की, मग सही केल्याने काय बिघडते. ज्यावर माझा विश्वास नाही त्याखाली माझे नाव राहील, हे बिघडते, एवढे उत्तर पुरे आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती फक्त वहीत होते, पण तुम्ही सदस्य आहात, ती प्रत्यक्ष घ्यायला लावा आणि हा विषय तेथे मांडा. ज्यांच्या घरचे मुलगे जायचे आहेत त्या बायकांचे मत पारावर कोणी विचारलेले नाही. हा विषय विषयपत्रिकेवर आहे की ऐनवेळचा म्हणून येणार आहे, हे ग्रामसेवकांना आधी विचारून ठेवा. सभेत शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर आहेत की नाही, हेही पाहा. बोलताना जर्मनी आणि घटना थोडक्यात आटोपून शेजारणीच्या वावरावर या, कारण लोकांना तेच कळेल आणि तेच तुमचे आहे. कोणी देशप्रेमाचा विषय काढलाच तर आवाज न चढवता दोन गोष्टींची आठवण द्या. 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टीला आणि चिमूरला जी माणसे गोळ्यांसमोर गेली, त्यांना कोणी नोटीस पाठवून बोलावले नव्हते. आणि 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा आसपासची गावे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, आणि जवान व अग्निशमन दलाची माणसे आगीच्या दिशेने गेली, त्यांतील अनेक परत आली नाहीत. देशाच्या संरक्षणाची किंमत काय असते, हे या जिल्ह्याला माहीत आहे. ते सिद्ध करण्यासाठी आपल्याला लेकरे मोजून देण्याचा ठराव नको.

नुसता विरोध करून खाली बसू नका, दुसरा ठराव सुचवा आणि त्याचे सूचक भासऱ्यांनाच होऊ द्या. गावठाणातील किंवा शाळेमागील पडीक जागेवर चारशे मीटरची धावपट्टी आणि दोन दिवे. तालुक्याच्या महाविद्यालयात एनसीसीची तुकडी नसेल तर ती मिळावी अशी मागणी. पाठीमागच्या खोलीत अभ्यासिका. नोकरी सांभाळून सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यासाठी 1949 पासून प्रादेशिक सेना आहे, गृहरक्षक दल आहे, हे गावातील किती मुलांना ठाऊक आहे? हे सांगायला भासऱ्यांइतका योग्य माणूस गावात दुसरा नसेल. पारावर बसलेल्या पोरांतील चार तरी त्यांच्यामागे मैदानावर आपल्या पायांनी जातील. बाकीची जाणार नाहीत, त्यांना दुसरे काही लागेल, आणि ते काय हे कोणत्याही एका ठरावात मावणारे नाही.

मतदान होऊन मूळ ठरावच संमत झाला, तर वाईट वाटून घेऊ नका, पण तेथून उठण्यापूर्वी ग्रामसेवकांना सांगून इतिवृत्तात तुमचा विरोध तुमच्या नावासह लिहवून घ्या आणि तो लिहिलेला वाचून मगच हजेरीवर सही करा. हजेरीची सही आणि ठरावाचे अनुमोदन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत एकीची दुसरी होऊ देऊ नका.

मुलाबद्दल एक विचारायचे राहिले. तो पहाटे चारला अंधारात डांबरी रस्त्यावर धावतो ना? धावपट्टी होईल तेव्हा होईल, तोपर्यंत त्याला पांढरा सदरा घालून, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड राहील अशा बाजूने धावायला सांगा, आणि मोबाइलचे गाणे कानात लावू देऊ नका. भासऱ्यांचा अबोला सुटला की, वेळ मोजायला घड्याळ घेऊन त्यांनाच बोलवा.